पुलाचा मुद्दा पहिला

विधानसभेच्या सभागृहात मी बावीस वर्षं लघुलेखन करते. कोण काय बोललं ते शब्दन् शब्द टिपायचं, दहा मिनिटांनी आपल्या जागी दुसरी येते, मग वरच्या खोलीत जाऊन टाइप करायचं. माणसं किती बोलतात आणि किती थोडं सांगतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. कान किटले, पण हात थांबत नाही.

माझी थोरली बहीण शिक्षिका. ओढ्यापलीकडच्या शाळेत अकरा वर्षं मुख्याध्यापिकेचं सगळं काम करते, पण कागदावर नुसती 'प्रभारी'. छप्पर गळलं की ताई, पालक भांडले की ताई. बढतीचा आदेश मात्र निघत नाही, कारण बढत्याच बंद. दोन महिन्यांनी ती निवृत्त होणार. एकदा मला म्हणाली होती, "जाताना तरी खरी मुख्याध्यापिका म्हणून जावं गं." तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला एवढंच आठवतं.

म्हणून ती तिकडच्या आमदारांकडे गेली. भला माणूस. ऊठसूट अर्ज लिहितात म्हणून लोक त्यांना अर्जवाले म्हणतात. त्यांनी तीन मुद्दे काढले: शिक्षकांच्या अडलेल्या बढत्या, शाळेच्या छपराचा निधी आणि ओढ्यावरचा खचलेला पूल. ताईनेच सांगितलं, पूल आधी घ्या, पोरं रोज त्यावरून येतात, माझं शेवटी घेतलं तरी चालेल. मी फोनवर तिच्यावर चिडले. दोनच मिनिटं मिळतात, शेवटचं शेवटीच राहतं, असं परोपरीने सांगितलं. ताईने कधी माझं ऐकलंय?

त्यांची पाळी आली तेव्हा नेमकी मीच खाली लिहायला बसले होते. कठडा कुठे तुटलाय, खांबाची भेग किती रुंद, असा पूल त्यांनी इतका तपशिलात मांडला की निधीच्या पहिल्याच वाक्याला घंटा झाली. उरलेलं वाचलं असं समजू, असं अध्यक्ष म्हणाले. बढतीचा मुद्दा तोंडातून न निघताच कागदांच्या ढिगात गेला. माझा हात चालूच होता.

मग मंत्री उठले. एरवी 'तपासून पाहू'च्या पुढे न जाणारे गृहस्थ, आज मात्र हातोहात निर्णय.

"सन्माननीय सदस्यांची काळजी रास्त आहे. त्या पुलावरून एकही मूल जाता कामा नये. म्हणून पलीकडची शाळा येत्या एक तारखेपासून बंद करून तिथली मुलं अलीकडच्या मोठ्या शाळेत घेत आहोत."

बाकं वाजली. आणि अर्जवाले खाली बसता बसता, सवयीने म्हणाले, "धन्यवाद, मंत्रिमहोदय."

तेही मी लिहिलं. शाळाच नाही तर मुख्याध्यापिका कसली? मोठ्या शाळेला मुख्याध्यापक आहे, तिथे ताई शेवटचा महिना कुठल्यातरी कोपऱ्यात खुर्ची शोधत काढणार.

तासाभराने अर्जवाले आमच्या खोलीत आले. सदस्य येतात असे, आपलं भाषण तपासायला. चेहरा पार उतरलेला. मी कुणाची बहीण हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढं शेवटचं 'धन्यवाद' गाळता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. चुकलेलं शुद्धलेखन सुधारता येतं, बोललेलं काढता येत नाही, असं मी सांगितलं.

"तोंडातून निघून गेलं हो," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

मला त्यांचा राग येईना, हेच जास्त लागलं. निदान शिव्या घालायला तरी कुणीतरी हवं होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. शाळा सुटली होती, मागे कुणीतरी बाकं सरकवत होतं. मी मंत्र्यांचा निर्णय सांगितला.

"पूल मीच आधी घ्यायला लावला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण अर्जवाले लगेच उठले असतील ना? विरोध केला असेल ना त्यांनी?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण छापलेली प्रत कुणालाही मिळते, आणि ताई ती वाचल्याशिवाय राहायची नाही.

"नाही ताई," मी म्हणाले. "त्यांनी आभार मानले."

ती 'बरं' म्हणाली. वर्गांना कुलपं लावायची राहिलीत म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.