डोळोबा हात मोजतो

देव कसा तयार होतो हे मला नीट ठाऊक आहे, कारण एक मी स्वतः तयार केलाय. सायकलचा लाल रिफ्लेक्टर, दोन स्क्रू आणि एक थाप. एवढंच सामान.

पातेल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात मी फिटर होतो. पत्र्याची चकती साच्यावर ठेवायची, वरून प्रेस खाली येते, चकतीचं झाकण होतं. मध्ये हात राहिला तर हाताचंही झाकण होतं. म्हणून प्रत्येक प्रेसला दोन बटणं, चांगली लांब लांब. दोन्हींवर एकदम तळवे दाबून धरले तरच प्रेस हलते. हात बटणांवर आहेत, म्हणजे साच्यात नाहीत. कुणीतरी डोकं चालवून केलेली सोय. आमच्या लोकांनी त्यावर आपलं डोकं चालवलं. एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची आणि मोकळ्या हाताने चकत्या सरकवायच्या. काम झपाट्याने होतं. त्या झपाट्यात एकाची दोन बोटं गेली आणि त्याला आठ्या नाव पडलं. तो स्वतःच म्हणायचा, "दहापैकी आठ. पास आहे मी."

मी पाचरी उपटायचो, ते ठोकायचे. मी सूचनेची लाकडी पाटी लावली, तर तिच्याच पाचरी केल्या. मग माझी पोरगी चार नंबरच्या प्रेसवर कामाला लागली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या बटणातही पाचर दिसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कामावरचे लोक नाना ठिकाणचे. कुणी दगडाला हात जोडणारा, कुणी झाडाला, कुणी पुस्तकाला. आठ्या तर कशालाच नाही. पण थाप ऐकायला सगळ्यांनाच आवडते. मी प्रत्येक प्रेसच्या माथ्यावर एकेक लाल गोल बसवला आणि डबा खाताना सांगितलं, की हा डोळा आहे, हा हात मोजतो. माझ्या आधीच्या कारखान्यातही होता. तिथे एकाने पाचर ठोकली. बोटांना काही झालं नाही, पण बायको त्याला हातमोजे विणायला बसली की चारच बोटांचे व्हायचे. सात जोड विणले, सातही तसेच. शेवटी सासूला बोलावलं. तिचेही चारच.

"मग?" आठ्याने विचारलं.

"मग काय, पाचर काढली. त्याच दुपारी पाचवं बोट विणून झालं."

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत चार पाचरी गायब होत्या, आठवड्यात सगळ्या. वर्षभर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही.

इथवर मी खुशीत होतो. मग एक बाई काम सुरू करण्याआधी दोन्ही तळवे वर करून डोळ्याला दाखवायला लागली. तिचं बघून सगळेच. कुणीतरी त्याचा डोळोबा केला. डोळोबा पुसायचं फडकं वेगळं झालं. आठ्या रोज उरलेली बोटं दाखवून म्हणायचा, "एवढीच राहिलीत, सांभाळ बाबा." मी आपला मिशीतल्या मिशीत हसायचो. एकदा जेवताना पोरगी म्हणाली, "बाबा, डोळोबा आहे तोवर माझ्या हातांना काही होत नाही." मी म्हटलं, "बरं." तिथेच माझं चुकलं.

पुढे नवा सुपरवायझर आला. तरुण, चष्मेवाला, खिशाला तीन पेनं. तळवे दाखवण्यात वेळ जातो, ते लाल गोल काढून टाका, असा त्याचा हुकूम. मी पाना-पेटी घेऊन चार नंबरपाशी गेलो, तर पोरगी आडवी उभी.

"काढायचा नाही, बाबा."

"अगं, साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांना दिसत नाही म्हणून तो नाही, असं होत नाही."

सुपरवायझर हसला. "सांभाळतो ना तो तुला? मग घाल की हात आत." बोलण्यापुरतं बोलला बिचारा.

पोरीने उजवा हात साच्यावर ठेवला. मी काही घाबरलो नाही. तिचा एक हात आत, बटणं दोन, प्रेस हलणार कशी? तेवढ्यात आठ्या शांतपणे पुढे आला आणि त्याने आपले दोन्ही तळवे बटणांवर टेकवले.

प्रेसला दोन तळवे लागतात. कुणाचे, ते ती विचारत नाही. हे ना प्रेस बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं होतं, ना माझ्या.

"थांब आठ्या," मी म्हणालो. "तो सायकलचा रिफ्लेक्टर आहे. मी लावलाय. हातमोज्यांची गोष्ट थाप होती."

आठ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मिस्त्री, त्याने तुमच्याकडून लावून घेतला. तुम्हाला तरी कसं कळणार?"

"बाबा, बाजूला व्हा," पोरगी म्हणाली.

आठ्याने बटणं दाबली.

आमची प्रेस म्हशीसारखी, सावकाश येते पण येते. ते दोघं आणि मी, मध्ये गोळा झालेल्या माणसांची भिंत. विजेचा मुख्य खटका मागच्या खांबावर, सहा पावलांवर. मी धावलो आणि खटका ओढला. अख्ख्या शेडची लाइट गेली. मान वळवून बघायचा धीर होईना.

बघितलं तेव्हा प्रेस पोरीच्या हातापासून दोन बोटांच्या अंतरावर थांबली होती. पोरीने हात काढून उलटासुलटा करून दाखवला. सुपरवायझर चकत्यांच्या ढिगावर मटकन बसला होता, पांढराफटक. मग त्याने डोळोबाकडे बघत दोन्ही तळवे वर केले.

"खटका मी ओढला," मी म्हणालो. "हा बघा, अजून धरलाय."

कुणी बघितलं नाही. एक बाई म्हणाली, आधी प्रेस थांबली, मग लाइट गेली. दुसरीने डोळा मिटताना पाहिला होता. उभी हयात थापा विकल्या मी, सगळ्या खपल्या. त्या दिवशी खरं बोललो तर एक गिऱ्हाईक नाही.

तोवर आठ्याने साच्यापुढे रांग लावली. "आता मी." त्याच्यामागे अकरा जण. पोरगी म्हणाली, "उद्या मी डावा घालते."

मी स्टुलावर चढलो. "खटका ओढताना मला ऐकू आलं," मी म्हणालो. "डोळोबा म्हणाला, एकदा दाखवलं. पुन्हा माझी परीक्षा घ्याल तर मी तोंड फिरवीन."

रांग मोडली. आठ्याने हात खिशात घातले. मी खाली उतरलो, तर पोरगी समोर.

"बाबा, मघाशी म्हणालात थाप. आता म्हणता ऐकू आलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

नाही म्हणावं तर उद्या डावा हात आत. हो म्हणावं तर पोटच्या पोरीच्या डोक्यावर खोटी शपथ. मी कशालाच न मानणारा माणूस, पण हात तिच्या केसांच्या वरच अडकला, खाली जाईना. आणि माझे ओठ हलले. डोळोबा, एवढी एक खोटी शपथ पदरात घे, हिला काही करू नकोस.

मग हात ठेवला. "ऐकू आलं," मी म्हणालो.

"ते कळलं. पण त्याआधी पुटपुटलात काय? कुणाशी बोलत होतात?"

मी सुपरवायझरला थोडं सरकायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी चकत्यांवर बसलो.