अदलाबदलीतला दुसरा फोटो

"तुम्ही खोटं बोललात, सर. आणि खोटं माझ्या नावावर छापायला निघालात."

ताईंनी संस्थेच्या संचालकांना तोंडावर सुनावलं, तेव्हा चौकशी समितीच्या अध्यक्षांचा कप ओठांपाशीच थांबला. बावीस वर्षं तळघरातल्या प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी ही तंत्रज्ञ बाई आजवर 'हो सर'च्या पलीकडे बोलली नव्हती.

टेबलावर सरांच्या शोधनिबंधांची यादी होती. एकशे सत्तेचाळीस निबंध. अर्धे कर्करोगाच्या जनुकांवर, उरलेले प्रयोगशाळेत त्वचा तयार करण्यावर. त्यातल्या बहुतेक पेशी ताईंच्या हातच्या. एक दिवसाआड त्यांचं गुलाबी खाद्य बदलावं लागतं, नाहीतर मरतात. पेशींना रविवार कळत नाही. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा ताई दुपारी तासभर येऊन गेल्या होत्या. नवरा म्हणायचा, "जा बाई, तुझ्या सवती भुकेल्या असतील." एवढं करून यादीत ताईंचं नाव? भिंग घेऊन शोधा. सरांच्या मेहुण्याचं चार ठिकाणी आहे, आणि तो दवाखान्यात लोकांचे दात काढतो.

भानगड मागच्या वर्षीच्या निबंधाची. सरांनी छापलं होतं की त्यांच्या नव्या जाळीवर त्वचेच्या पेशी दाट वाढतात. भाजलेल्या माणसाला ती जाळी लावता येईल. सोबत फोटो. कुठल्याशा चिकट वाचकानं ताडलं की हाच फोटो सात वर्षांपूर्वी कर्करोगाच्या निबंधात येऊन गेलाय, फक्त आता उलटा फिरवलाय. नियतकालिकानं जाब विचारला. सरांनी त्याच दिवशी शुद्धिपत्र लिहून दिलं: तंत्रज्ञाकडून फोटोंची अदलाबदल झाली. पुढे ताईंचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, अगदी पूर्ण. बावीस वर्षांत पहिल्यांदा छापून येणार होतं ते हे असं!

"ताई, शांत व्हा," अध्यक्ष म्हणाले. "आठ महिन्यांत निवृत्त होताय. इथे सही करा, प्रकरण मिटेल. चूक माणसाकडूनच होते."

"होते ना. पण अदलाबदल म्हणजे फोटो दोन लागतात, साहेब. एक हा चुकून लागलेला. मग खरा कुठाय? तो लावा की!"

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर नुसती भिंत होती.

ताईंनी पिशवीतून निळी वही काढली. कोपरे झिजलेले, पुठ्ठ्यावर औषधाचे डाग. दर शुक्रवारी त्या आठवड्याचा हिशोब लिहायचा, काय जगलं आणि काय मेलं. सरांनी खाली सही करायची, अशी तिथली पद्धत. सर न वाचताच सही ठोकत. घात झाला तो तिथेच.

"वाचा. जाळीवर पेशी लावल्या, तिसऱ्या दिवशी सगळ्या मेल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा मेल्या. अकरा वेळा! खाली सह्या कुणाच्या ते बघा. मी सरांना सांगितलंसुद्धा, 'जाळी पेशींना सोसत नाही.' म्हणाले, 'मी बघतो.' हे बघितलं!"

"तुम्हाला निबंधातलं काय कळतं हो?" सर उसळले.

"निबंधातलं नाही कळत. मेलेलं कळतं."

ताईंनी वही सरांपुढे सरकवली.

"उद्या कुणी तुमच्यावर भरवसा ठेवून ही जाळी भाजलेल्या माणसाच्या छातीवर ठेवेल. ती धरणार नाही. मग त्याच्या बायकोला काय सांगायचं, तंत्रज्ञाकडून अदलाबदल झाली म्हणून?"

अध्यक्षांनी वही हळूच आपल्याकडे ओढली. "ही समितीकडे राहू दे."

"राहू दे. नवऱ्यानं काल झेरॉक्स काढल्यात. एक घरी, एक नियतकालिकाला. तो म्हणाला, मोठ्या लोकांच्या टेबलावर कागद फार हरवतात."

अध्यक्षांचा हात वहीवरून उठला. त्यांनी खुलाशाचा छापील कागद पुढे सरकवला. 'चूक कशी झाली?' या प्रश्नाखाली दोन ओळी मोकळ्या होत्या, त्याखाली सहीची जागा.

ताईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत आले होते. आज खाद्य बदलायचा दिवस. खाली पेशींच्या चाळीस बश्या वाट बघत होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, सहीची जागा कोरी सोडली आणि कागद अध्यक्षांकडे न देता सरांसमोर ठेवला.

'एकशे सत्तेचाळीस निबंधांत मी कुठेच नाही. मग ही एक चूक करायला मी तिथे आले कधी? लेखी उत्तर द्या. मी खाली प्रयोगशाळेत आहे.'