अंजनाबाईच्या टाचेतलं वीजघर

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका आहे. नाव ऐकून पान उलटू नका. विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं, त्यात घेवड्याच्या दाण्यासारखं काहीतरी काढून खाली ‘पेशीचे ऊर्जाघर’ लिहिलेलं असतं, ती मी. चंद्रपूरकडच्या मुलांना वीजघर काय ते समजवावं लागत नाही. तिथं कोळसा जळतो, माझ्याकडे साखर. भाताच्या घासाची साखर रक्तातून माझ्यापर्यंत येते, श्वासातल्या प्राणवायूवर मी ती जाळते आणि पेशीला शक्ती पुरवते.

आमचं घराणं आईकडून चालतं. अंजनाबाईला मी तिच्या आईकडून मिळाले. माझ्या बहिणी अंजनाबाईनं आपल्या लेकीला, हर्षाला दिल्या.

मला राहायला मिळाली ती अंजनाबाईच्या डाव्या टाचेतली, कातडीला रंग देणारी एक पेशी. सावली तालुक्यातल्या एका गावात अंजनाबाईची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत. रोवण्याच्या दिवसांत ती अनवाणी चिखलात उभी राहायची आणि तिच्या अंगाचा सगळा भार आम्ही सोसायचो. टाचेचं कौतुक कुणी करत नाही, पण आम्ही नेकीनं काम केलं.

शक्ती पुरवणं हे माझं अर्धंच काम. पेशी सुधारण्यापलीकडे बिघडली, की तिला थांबवण्याचा इशाराही मीच द्यायचा असतो. मग त्या पेशीनं निमूट विझायचं आणि तिच्यासोबत मीही. शरीराच्या भल्यासाठी कितीतरी जणी रोज असं करतात. त्यांची आत्मवृत्तं कुणी लिहीत नाही.

माझी पेशी बिघडली. कशानं, ते मला ठाऊक नाही. रंग देता देता ती भलतीच वाढू लागली, स्वतःसारख्या आणखी पेशी करत सुटली. मी इशारा दिला नाही. आणखी एक दिवस बघू, असं म्हणत साखर जाळत राहिले.

त्याच सुमारास त्याच टाचेत बाभळीचा काटा मोडला. शेजारच्या रुखमाबाईनं काटा काढला आणि रीतीप्रमाणं बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका दिला. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. आमचा काळेपणा त्याच्याखाली झाकून गेला. तेलाचा डाग कातडीबरोबर निघून जातो. आम्ही मात्र राहिलो, आणि पसरलो.

गर्दी वाढली तसा प्राणवायू पुरेना, साखर पुरेना. पण ताण पडला की आम्ही शिकतो. साखर नाही तर चरबी जाळा. मोडलं ते जोडून घ्या, फारच फुटलेला भाग टाकून द्या. उडणाऱ्या ठिणग्या विझवा, थोड्या हवेवर भागवा. मी सगळं शिकले आणि वाईट पेशीला जगवलं. एरवी अशा हुशारीला शाबासकी मिळते. मला तिची लाज वाटते.

हर्षा गावात आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा स्वयंसेविका आहे. कुष्ठरोगाच्या तपासणीत ती घरोघर जाते, अंगावरचे फिके चट्टे शोधते आणि तिथं स्पर्श कळतो का ते पाहते. एकदा तिनं आईचाही पाय मांडीवर घेतला.

“आई, हा डाग अजून गेला नाई?”

“बिब्ब्याचा होय तो. जाईन हळूहळू.”

हर्षानं पेनाचं टोक टेकवलं. “समजते का इथी?”

“काऊन नाई समजन वं? तू टोचून राह्यली तं! मी का लाकडाची आहो?”

हर्षा हसली. “फिका नाई, बधिर बी नाई. पास झाली तू.”

तिच्या पेनाखाली मीच होते. तिच्याच आजीकडून आलेली.

पुढं डागाची जखम झाली. चपलेत रक्त दिसलं, तेव्हा हर्षानं आईला बसनं चंद्रपूरला आणलं. डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. आज सकाळी ऑपरेशन आहे. हर्षा खाटेशी बसली आहे.

“गावभर चट्टे पाह्यत फिरली मी, अन् घरचा डाग पास केला. माह्याच हातानं.”

“तुले जे शिकवलं ते तू पाह्यलं, माय. काळ्या डागाचं कोनी सांगतलं होतं?”

“आधी आनली असती तं...”

“आता आनली ना? मंग रडून नको राहू. अन् तळव्याले हात नको लावू, गुदगुल्या होतेत मले.”

मायलेकी हसल्या. मी टाचेत बसून ऐकलं.

आमच्यापैकी एखादी पेशी निसटून जांघेतल्या रसग्रंथीपर्यंत पोचली का, हे डॉक्टर आज तपासणार आहेत. अंजनाबाईचं पुढचं सगळं त्यावर आहे. मलाही ठाऊक नाही. निघताना कुणी सांगून जात नाही. पोचली असेल तर औषधं द्यावी लागतील, आणि आम्ही चिवट आहोत. औषधानं एक वाट अडवली, तर दुसरी शोधतो.

मित्रांनो, निबंधातली जुनी छत्री, जुनं घड्याळ तुम्हाला विनवतात, आम्हाला फेकू नका. माझी विनंती वेगळी आहे. मला फेका. डॉक्टरांनी हात आखडता घेऊ नये. काळं दिसतं त्याच्या पलीकडची चांगली कातडीही घ्यावी, तिच्यात आमच्यातली एखादी दडलेली असू शकते. आणि तुम्ही घरी आईचा, आजीचा तळपाय उलटा करून बघा. काळा डाग जात नसेल, वाढत असेल, तर दुखतो की नाही हे विचारत बसू नका. सरळ दवाखान्यात न्या.

हर्षा कधी भेटली तर तिला एवढं सांगा. तिची चूक पेन टेकवण्याएवढ्या वेळाची होती, आणि कळल्याबरोबर तिनं आईला उचलून आणलं. मला सगळं आधीपासून माहीत होतं. मी अजूनही थांबलेले नाही.