गोंदणावरचा लाल दिवा

शुभांगीच्या यंत्राला सुई लागत नव्हती, आणि कळवणकडच्या तिच्या माहेरी एवढ्यावरच तिची मान ताठ झाली होती. नाशिकच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं डोकं घालून तयार केलेली ती डबी मनगटावर ठेवली की कातडीतून शिरेत उजेड सोडायची. मलेरियाचे जंतू रक्तात काळसर कण टाकतात. ते दिसले तर लाल दिवा, नाहीतर हिरवा. चाचणीचे दिवस असल्याने खात्रीसाठी बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यावंच लागे, पण लोक तेवढं तिच्याखातर सोसत होते.

घोळ घातला तो गोंदणाने. पहिल्याच आठवड्यात चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या एकामागून एक लाल निघाल्या. रक्त तपासलं तर काही नाही. त्यांची मनगटं गोंदणाने भरलेली, आणि यंत्राला ते काळं गोंदण आणि तापाचे कण यातला फरक कळेना. शेजारची चतुराबाई तर पारावर सांगत सुटली, "माझ्या हातावरल्या तुळशीला ताप आला बया." सगळं गाव हसलं. शुभांगीही हसली, पण आतून ती धास्तावली होती. असे खोटे दिवे अहवालात गेले तर यंत्राचं काही खरं नव्हतं. तिने ठरवून टाकलं, मनगटावर गोंदण असेल ती बाई चाचणीतून बाद. तिचं रक्तही घ्यायचं नाही.

तिची कुसाआत्या मात्र हट्टाने आली. आई गेल्यावर शुभांगीला तिनेच वाढवलं होतं. भाचीचं यंत्र आपण नाही लावून घ्यायचं तर कुणी, असं म्हणत तिने हात पुढे केला. तिच्याही मनगटावर तुळस होती. लाल दिवा लागला.

"अंग जरा कसकस करतंय," आत्या म्हणाली. "खरंच ताप तर नाय ना, शुभे?"

"गोंदणाचा दिवा आहे तो, आत्या. कांद्याच्या लावणीत वाकून वाकून दमली असशील."

"मंग सुई टोचती का?"

सुई म्हटली की आत्याचा जीव अर्धा होई. लहानपणी गोंदताना बायकांनी तिला दाबून धरलं होतं, ते ती अजून विसरली नव्हती. शुभांगीला तिची दया आली. शिवाय मागे रांग खोळंबली होती.

"नको. तुला कशाला टोचायचं?"

आत्या खूश होऊन घरी गेली. दिव्याचं कारण आधीच ठाऊक असल्यामुळे शुभांगीने तिच्या कपाळाला हातसुद्धा लावला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात आत्याच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. "ताई, आई काहीबाही बरळती. नाशिकला दवाखान्यात आणलीय. मलेरिया डोक्यात गेलाय म्हणत्यात." मग त्याने विचारलं, "तू तर तपासलं व्हतं ना?"

शुभांगीने फोन ठेवला. ती तशीच निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. फार उशीर झालाय, आजचा दिवस निभावला तर बघू, म्हणाले.

नर्स साखर तपासायला सुई घेऊन आली होती. आत्याने हात छातीशी घट्ट धरला होता.

"नका टोचू, बाई. माझी भाची येतीये. तिच्या यंत्राला सुई लागत नाय."

"सकाळपासून हेच चाललंय," नर्स कंटाळून म्हणाली. "कोण ही भाची? आली तर बरं होईल, या हातच देत नाहीत."

"मीच," शुभांगी म्हणाली.

ती कॉटवर बसली आणि तिने आत्याची मूठ हळूहळू उघडून एक बोट धरलं. मनगटावरची तुळस तापाने तापली होती. शुभांगीला रडू फुटलं, पण तिने बोट सोडलं नाही. आत्या तिच्याकडे बघत राहिली. तिला ओळख पटली नव्हती.

"तू बी त्यांच्यातलीच का गं? दाबून धरणारी?"

"हो," शुभांगी म्हणाली, आणि नर्सला म्हणाली, "टोचा."