तिघी आणि डावा डोळा

शाळेतली मुलं ओळखपत्राच्या फोटोला बसली की एकही सरळ बघत नाही. सकाळपासून "हनुवटी वर, खांदे खाली" असं म्हणून म्हणून माझा घसा बसला होता. घरी येऊन पाठ टेकावी, एवढंच मागणं उरलं होतं. पण गॅलरीत बाबांनी तिपाई उभी करून ठेवली होती आणि खुर्चीवर तिघी ओळीनं बसल्या होत्या.

तिघी म्हणजे बाबांच्या लांब पल्ल्याच्या जुन्या लेन्स. थोरली नळकांड्यासारखी लांब, मधली अंगानं भरलेली, धाकटी मुठीत मावेल एवढी. फोकस हातानं करायचा, प्रकाशाचं छिद्रही हातानंच. बाबा वर्तमानपत्रासाठी फुटबॉलचे फोटो काढायचे, तेव्हापासून त्या या घरात नांदतायत. आई त्यांना सवती म्हणते. "माझ्या नशिबी कधी एवढं मऊ फडकं आलं नाही," असंही म्हणते.

नोकरी सुटली तरी बाबांचा रविवार मैदानावरच जातो, गोलच्या मागे. फिल्म धुणारं शेवटचं दुकान बंद पडलं तेव्हा मी त्यांना माझा जुना डिजिटल कॅमेरा दिला. मध्ये अ‍ॅडॅप्टर लावला की तिघी त्यावर मुकाट बसतात. पण अलीकडे मैदानावरून येणारा एकेक फोटो धुरकट. बाबांनी निकाल देऊन टाकला होता, दोष लेन्सचा.

"आत बुरशी धरली असणार," ते म्हणाले. "आज सोक्षमोक्ष. जी नीट फोटो देईल ती राहील. बाकीच्या मिस्त्री घेऊन जाईल. चहाला येतोच आहे." मिस्त्री म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारे त्यांचे जुने मित्र.

"आणि एकीनंही नाही दिला तर?"

"तर तिघी जातील. आणि रविवारी मी घरी बसेन."

ते इतक्या सहज म्हणाले, की वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणारी आई तशीच थांबली.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्यावरची अक्षरं उन्हानं खाल्लीत. हे निशाण. छिद्र पूर्ण उघडं, तिपाई तीच, उजेड तोच. उगाच कुणावर अन्याय नको. बाबा वाकले. उजवा डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला, डावा गच्च मिटला आणि लेन्सची कडी फिरवू लागले. थोडी पुढे, थोडी मागे, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तशी. "हं," म्हणाले की मी बटण दाबायचं. एकेकीचे पुष्कळ फोटो झाले.

लॅपटॉपवर मी ते मोठे करून दाखवले. टाकीची अक्षरं सगळीकडे दुधात बुडाल्यासारखी.

"बघ! तिन्ही गेल्या," बाबा म्हणाले.

मी फोटो आणखी मोठे केले. धाकटीच्या फोटोत टाकी धूसर होती, पण तिच्या मागे दूरवरची एरियल काट्यासारखी टोकदार उतरली होती. बुरशी धरलेली लेन्स असा काटा दाखवत नाही. लेन्स नीट बघत होती, फक्त तिला भलतीकडे बघायला लावलं होतं.

बाबा तोंड धुवायला आत गेले. मी तिघी पुन्हा लावल्या, फोकस माझ्या डोळ्यानं केला. अक्षरांचे उडालेले पोपडेसुद्धा मोजता आले असते. आई मागे येऊन उभी होती.

"सांगून टाक," ती म्हणाली.

"मला नाही गं जमणार. आज तरी नको."

"मग तिघी फुकट जातील. आणि त्यांच्यामागून हा माणूस."

बाबा टॉवेलनं तोंड पुसत आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते पडद्याजवळ वाकले.

"हे तू काढलेस?"

"हो."

"म्हणजे तिघी ठणठणीत आहेत."

"हो, बाबा."

ते खाली बसले, ओझं उतरवलेल्या हमालासारखे. ओझं उतरलं की हलकं वाटतं म्हणतात. त्यांना तसं वाटलेलं दिसलं नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या," ते टॉवेलला सांगितल्यासारखं म्हणाले. "उजव्याचा आतला पडदा गेलाय, परत येणार नाही. मला वाटलं, थोडासा गेला असेल. कामापुरता राहिला असेल." मग मान वर करून म्हणाले, "देऊन टाक तिघींना. चांगल्या डोळस बाया, आंधळ्याच्या गळ्यात कशाला बांधायच्या?"

"आणि डावा काय करतो?" आईनं विचारलं.

"कोण डावा?"

"डावा डोळा हो! रोज पेपर कोण वाचतं? ताटाला राहिलेला साबण एवढ्या लांबून मला कोण दाखवतं? जन्मभर त्याला मिटून ठेवलंत. एक भाऊ राबतोय, दुसरा आयतं बसून खातोय." आणि काम करताना ती नेहमी जुळवते तशा दोन ओळी एकदम तिच्या तोंडून निघाल्या, कपड्याची घडी न मोडता:

"दमला थोरला भाऊ, त्याचा दिवस कलला
ऊठ रे आळशा बाळा, तुझा पाळणा हलला."

बाबा हसले. हसताना खोकला आला.

पण आळशी बाळ सरळ उठेना. डावा डोळा लावला तर नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपलं. उजवा मिटायची सवय नाही. तो मिटायला गेले की दोन्ही मिटत आणि सगळा चेहरा गोळा होई. "लिंबू चावल्यासारखे दिसताय," आई म्हणाली आणि मागून येऊन तिनं स्वतःचा तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर धरला. तशी ती उभी राहिली. मी बटणावर बोट ठेवून उभी, पाय भरून आलेले.

थोरली आधी. "हिच्या आत संध्याकाळ झालीय," बाबा म्हणाले. लांब लेन्स, पूर्ण उघडूनही अरुंद छिद्र, उजेड कमी. टाकी त्यांना सापडलीच नाही. मधलीची कडी जड; अक्षरं जवळ येत आणि हातातून निसटत. एक फोटो बरा, बाकी वाया.

धाकटीला ते कधी मैदानावर न्यायचे नाहीत. "ही बारशाचे फोटो काढायला ठीक," म्हणायचे. पण तिच्या आत लख्ख दिवस होता. पहिला फोटो चुकला. दुसऱ्यात टाकीवरची अक्षरं उभी राहिली. तिसऱ्यातही. चौथा पुन्हा गेला.

"हिच्यानं मधलं मैदान नाही दिसणार," बाबा म्हणाले. "गोलपाशी जे होईल तेवढंच."

"पुरे की," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिडका वाटला.

मिस्त्री आले. चहा प्यायले. बाबांनी थोरलीला आणि मधलीला स्वतःच्या हातानं झाकणं लावली.

"थोरली देतोस? शुद्धीवर आहेस ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणा चालत्या-फिरत्या फोटोग्राफरला दे," बाबा म्हणाले. "सुट्या भागांसाठी मोडू नकोस तिला."

मिस्त्रींनी दोघींना पिशवीत घातलं आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरले. पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत बाबा दारात उभे होते.

"मैदानावर डोळ्याला पट्टी बांधेन," आत येत ते म्हणाले.

"चाचे दिसाल समुद्रावरचे. पोरं खेळ सोडून तुम्हालाच बघतील," आई म्हणाली.

"मग काय करू?"

आईनं त्यांच्या डोळ्यावर धरून दुखलेला हात झटकला, दुसऱ्या हातानं चोळला.

"गोलच्या मागे फार ऊन असतं का हो?" तिनं विचारलं.