ओलं बांधकाम

मिस्त्रींनी बादली कडेला टेकवली आणि मग्ग्याने अंगणातल्या नव्या भट्टीच्या विटांवर पाणी मारायला सुरुवात केली. आधी वरचा कठडा, मग दोन्ही बाजूच्या भिंती, शेवटी निखाऱ्यांसाठी ठेवलेली पोकळी. पाणी सांध्यांतून झिरपत खाली आलं आणि त्यांच्या चपला भिजल्या.

कुंपणापलीकडून वेल्डरने मान वर काढली. भट्टीवरची जाळी त्यानेच करून दिली होती, आणि पहिल्या जेवणाचं बोलावणं कधी येतं याकडे तो डोळे लावून बसला होता.

"मिस्त्री, भट्टी बांधताय की हौद?"

"बांधकाम पाणी पितं, बाबा. तुझ्या लोखंडासारखं नाही, चार ठिणग्या उडाल्या की झालं."

"पण किती प्यायचं त्याने? माझी जाळी गंजायला लागली. उद्या कोंबडीला गंजाची चव आली तर मला बोल लावू नका."

मिस्त्री हसले, पण हात थांबला नाही. जन्मभर त्यांनी लोकांची घरं बांधली होती. कंबरेएवढ्या भट्टीला आठवडाभर पाणी मारलं तरी पुष्कळ झालं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. आठवडा कधीच उलटून गेला होता.

भट्टीचा हट्ट मुलाचा. तो ट्रक चालवायचा. घरी आला की अंगणात तीन दगड मांडायचा, कुठलीशी जाळी टाकायचा आणि कोंबडी, कणसं, कांदे, हाताला लागेल ते भाजत बसायचा. "बाबा, सगळ्या जगाची घरं बांधलीत, मला एक बार्बेक्यू बांधून द्या की." त्यावर मिस्त्री म्हणायचे, "बार्बेक्यू म्हणे! भट्टी म्हण, जीभ तरी वळते," आणि काम पुढच्या महिन्यावर ढकलायचे. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर ट्रक उलटला, आणि पुढचा महिना आलाच नाही.

सून त्यांच्याजवळच राहिली. आता दुसऱ्या गावच्या एका कंपाउंडरने तिला मागणी घातली होती. माणूस भला होता. मिस्त्रींनीच त्याला घरी बोलावून पारखलं आणि तिच्या आधी स्वतः होकार दिला. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मग भट्टी बांधा. त्यांची हौस होती. तिच्यावर भाजलेलं एकदा जेवू, आणि मग मी जाईन." मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी पाया खणला. खालचे थर सरसर चढले. वरच्या थरांपाशी मात्र हात जड झाले.

संध्याकाळी सून फोन ठेवून अंगणात आली.

"त्यांचा फोन होता. कधी निघतेस, विचारत होते."

मिस्त्रींनी भट्टीवर पंजा टेकवला. "सांग, काम अजून ओलं आहे. ओल्यात जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते. विटा तडकतात."

"तेच सांगितलं मी," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं तेव्हा, ती उठायच्या आत पाणी मारून घ्यावं म्हणून मिस्त्री हळूच बाहेर आले. पायरीवरच थबकले. सून भट्टीपुढे वाकली होती. मग्ग्यातलं पाणी ती अगदी आवाज न करता एकेका सांध्यावर सोडत होती. रोज सकाळी विटा ओल्या लागायच्या. दव पडत असेल असं ते समजत आले होते.

आधी त्यांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोरीचा पाय निघत नाही हे बघून म्हातारा आतून फुलून आला. ते मागच्या मागे आत गेले आणि खाटेवर बसले. बसल्यावर मात्र त्या आनंदाची त्यांना लाज वाटायला लागली. आपण तिला धरून ठेवलंय असं ते समजत होते, आणि इथे तीच त्यांच्या पायी अडकून पडली होती. त्यांनी तोंडाने होकार दिला होता, जा म्हणून मात्र एकदाही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः बाजार केला. ऊन कलल्यावर त्यांनी भट्टीत कोळसा रचला आणि काडी ओढली.

सून धावत आली. "बाबा, ओलं आहे अजून!"

"असू दे."

"अहो, तडकेल!"

"तडकू दे. कोंबडीला मीठ लाव."

निखारे फुलले. वेल्डर बोलवायची वाट न बघता ताट घेऊनच आला. कोंबडीची चरबी थेंबाथेंबाने निखाऱ्यांवर पडून चुरचुरत होती, कणसांचे दाणे काळवंडत फुटत होते, कांद्याची सालं जळून आतला गर गोड होत होता. चटके खात, बोटं चाटत सगळे उभ्याउभ्याच जेवले. इतकं पोटभर त्या घरात कित्येक दिवसांत कोणी जेवलं नव्हतं.

मधेच भट्टी बंदुकीच्या बारासारखी वाजली. समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. वेल्डरने घास तसाच धरून मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी कोंबडी उलटली.

"सकाळची गाडी धर," ते सुनेला म्हणाले. "दुपारची गर्दीची असते."

 ती भेगेकडे बघत म्हणाली, "एवढं मन लावून बांधलं होतंत."

"परत बांधीन की. तू गेल्यावर मला दुसरं काम काय आहे?"

शब्द तोंडातून गेला आणि मिस्त्रींनी जीभ चावली. चिमट्याने त्यांनी सगळ्यांत चांगला तुकडा उचलून तिच्या ताटात टाकला.

"खा," ते म्हणाले. "गार होतंय."