मापांची फाईल

"बाई, सगळे फाँट घेतले ना कॉपी करून? मग झालं तर," खुर्चीतून न उठता सौमित्र म्हणाला. वडिलांमागे प्रकाशन आता तोच बघत होता.

"फाँट घेतलेत. मापांची फाईल राहिलीय," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"नवीन सॉफ्टवेअरला कळतं ते. आपण आता आराम करा."

'आपण' हा शब्द पुण्यात माणसाला दाराबाहेर काढायला फार सोयीचा पडतो. नारायण पेठेतल्या त्या कचेरीत चोवीस वर्षं अक्षरजुळणी केलेल्या बाई पर्स उचलून निघाल्या.

फाँटच्या एका फायलीत अक्षर कसं दिसतं ते असतं आणि दुसरीत ते किती जागा घेतं ते. ओळ कुठे मोडायची, हे संगणक दुसरीवरून ठरवतो. फाँटबरोबर आलेली मापं कच्ची होती. जोडाक्षरं शेजारच्याच्या अंगावर चढायची. बाईंनी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून एकेका अक्षराचं माप दुरुस्त केलं. दोन वर्षं लागली. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर कोणी विचारलंही नाही.

महिन्याने सौमित्रचा फोन आला. वनस्पतिकोशाची नवी आवृत्ती लावताना सहाशे बारा पानांची सहाशे एकेचाळीस झाली होती. सूचीतला एकही पानक्रमांक जुळेना. बाईंचा जुना संगणक त्याने भंगारात देऊन टाकला होता.

"तुमच्याकडे कॉपी असेल ना?"

"आहे. पण अक्षरजुळणीला माझं नाव घाला. आजवर कधी आलेलं नाही."

"अहो, त्यात काय. नक्की."

एवढंच मागितलं बाईंनी, याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन फाईल टाकून आल्या. पानं पुन्हा सहाशे बारा झाली. सौमित्र फोनवर बोलत होता, त्याने नुसती मान हलवली.

कोश बाजारात आल्याचं कळलं तेव्हा बाई अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात गेल्या. सुरुवातीचं पान उघडलं. 'अक्षरजुळणी व मांडणी : सौमित्र आठवले'.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग सूचीत अडुळसा शोधला आणि सतरावं पान काढलं. अडुळसा तिथेच होता. एकही जोडाक्षर शेजारच्याच्या अंगावर गेलेलं नव्हतं. ओळींवरून त्यांनी हलकेच अंगठा फिरवला.

"घ्यायचंय का, बाई?" काउंटरमागून विक्रेता म्हणाला. "नुसतं चाळू नका, पानं मळतात."

"नको," पुस्तक मिटून होतं तसं सरळ ठेवत बाई म्हणाल्या. "वाचलंय मी."